शेरूला बघून मेंढीला माया फुटली!

मंडळी, हे तुम्हाला आत्ताच सांगायचंय!

अचलपूरजवळच्या आमच्या मळ्यात एक घोडी, सहा मेंढ्या आणि शेरू नावाचा कुत्रा आहे. आज सकाळी एक मेंढी पहिल्यांदाच व्याली. पण कोकरू जवळ आलं की ती त्याला ढुशी मारून पाडायची. दहा वाजले तरी त्याच्या पोटात दुधाचा थेंब नव्हता. ते गार पडत चाललं होतं आणि मी रडकुंडीला आले होते.

तेवढ्यात शेजारच्या वावरातल्या गयामावशी आल्या. त्यांचा सारा जन्म मेंढ्यांमागे गेलेला.

"काहून रडून राहिली? जाय, शेरूले आन."

"मावशी, तो कोकराले खाईन ना!"

"साखळीनं धरून आन. मी हाय ना."

शेरूला गोठ्याच्या दारात आणलं मात्र, मेंढीनं पुढचा पाय आपटला. ती कोकराच्या आडवी उभी राहिली आणि शेरूला अशी धडक दिली, की तो केकाटत माझ्यामागे लपला! मग ती वळली, कोकराला हुंगलं आणि चाटायला लागली. थोड्याच वेळात कोकरू शेपूट हलवत दूध पीत होतं. मी चक्क नाचले!

"मावशी, हे तुमाले कोनं शिकवलं?"

"माह्या मायनं. तिले कोनं शिकवलं, ते पुसाचं राहून गेलं."

तुमच्या घरातल्या मोठ्यांना काय विचारायचं राहिलंय? आजच विचारा, आणि मलाही सांगा.