आजाच्या बंदुकीचा बार

तुमच्या बापाला अजून एकदा काय ऐकायचंय, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय? मी विचारलं, तेव्हा उशीर झाला होता. माझे वडील, आमचे आबा, सुरतेच्या बमरोलीतल्या लूम खात्यात जन्मभर उभे राहिले. यंत्रमागांच्या खडखडाटाने डावा कान गेला, उजवाही चाललाय.

त्यांना ऐकायचा होता आजाच्या बंदुकीचा बार. आजा खानदेशात पिकं राखायचा. पहाटे परतताना नदीजवळ एक बार काढायचा. तो ऐकू आला की आजी तवा चुलीवर ठेवायची आणि लहानगे आबा गोधडीतून उठून बसायचे. बाप धड परत आला, याची ती खूण.

आजा गेल्यावर बंदूक सुरतेतल्या एका परवानाधारक दुकानात जमा होती. वारस म्हणून आबांचा परवाना आला, त्याच दिवशी आम्ही गेलो.

दुकानदाराने भिंग लावून शिक्के वाचले. "काका, आ तो पलटणनी रायफल छे. मागाहून नळी आतून गुळगुळीत करून राखणीला दिलेली."

मग त्याने नळीच्या तोंडातून कागदाची सुरळी ओढून काढली. दमट हवा शिरू नये म्हणून आजाने बसवलेलं बूच. उलगडलं तर सभेचं पत्रक. अशाच पत्रकांवर बोट ठेवून आजाने मला अक्षरं शिकवली होती. तेलात भिजूनही एक ओळ शाबूत होती: बायकांनाही सभेला आणा.

"याचं काडतूस हल्ली कुठे मिळत नाही," दुकानदार म्हणाला. "दुसरं बसेलसं वाटतं, पण घालू नका. नळी फुटेल. घरी शोभेला ठेवा."

"काय म्हनस तो?" आबा ओरडले.

खात्यात संच्यांच्या खडखडाटात कामगार हातांनी बोलतात. डबा पोचवायला जायचो तेव्हा मीही ते शिकलो. मूठ उघडून तळहात पालथा केला: बॉबिन रिकामी, सूत संपलं.

आबांना लगेच कळलं. "शोभाले आम्हनं काय संस्थान शे?" ते म्हणाले. मग नळीवरून हात फिरवत राहिले. "हाई बी थकनी व्हई, मना कानसारखी."

रिक्षात ते पत्रक माझ्या मांडीवर होतं. लोखंडाची नळी खराब होऊ नये म्हणून एका माणसाने बूच घातलं. माझ्या बापाच्या कानांत कुणी साधा कापूसही घातला नाही. मालकाने नाहीच. पण मीसुद्धा युनियनसाठी इतकी पत्रकं लिहिली, पगारावर, पाळ्यांवर. कानांवर एक ओळ नाही.

आबा अजून पहाटे उठून बसतात. कशाची वाट बघतात, ते मी आता विचारत नाही.

लूमवर उभ्या राहणाऱ्या भावा, बहिणी, उद्या पाळी सुरू होण्याआधी मालकाकडे कानात घालायची बुचं माग. एकट्याने मागू नकोस. शेजारच्या संच्यावरच्याला हाक मार, त्याला अजून ऐकू येतंय तोवर.