डोळ्याखालचा भोवरा

आमच्या घोडीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. असली घोडी मालकाला रडवते, असं सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कुणीही सांगेल. वडिलांनी, म्हणजे आबांनी, शिंगरू असताना तिला तिथूनच आणलं, तेव्हा माय भडकलीच. "हाई एक दिन आपलाले रडाई!" आबा हसले. "तू तिना डोया नको देखू, चाल देख."

आणि चाल तरी काय होती! रेवाल चालीच्या शर्यतीत घोडं दौडू लागलं की बाद. चालीतच वेग धरायचा, वरचा माणूस हलता कामा नये. आबा मुद्दाम पाण्याने भरलेला पेला हातात धरून बसायचे. आम्ही भावंडं ट्रॉलीत उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडायचो, आणि एरवी घोडीला शिव्या घालणारी माय सगळ्यांत मोठ्याने. शर्यत संपली की तो पेला आबा मायसमोर धरायचे. "लाज नही का तुमले?" म्हणत ती पाणी पिऊन टाकायची. मग कळण्याची भाकरी, ठेचा. असं सुख मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

गेल्या वर्षी आबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घोडी तेव्हा गोठ्यात बांधलेली होती, बिचारी! तरी सगळ्यांनी तिच्यावरच खापर फोडलं. माय तिला चारा टाकेना. भाऊ म्हणाला, यंदा सारंगखेड्याच्या यात्रेत विकून टाकू. आबांना विचारलं? छे! मला मात्र नंदुरबारहून बोलावून घेतलं, यात्रेत खुर्चीतल्या आबांना सांभाळायला.

बाजारात जाऊन बघते तर काय, भोवऱ्याचे केस कातरून भावाने वर रंग लावलेला. माझं डोकंच फिरलं. "आबांसमोर ही लबाडी?"

"तू दोन दिन येस नि चालनी जास," तो म्हणाला. "तिले रोज कोन फिरावस? आबाले कोन उचलस?"

त्याचंही खोटं नव्हतं.

गुजरातकडचा एक माणूस आला. त्याने दात पाहिले, पाय उचलून पाहिले, चालवून पाहिली. खूश झाला. सौदा ठरणार, एवढ्यात खुर्चीतले आबा "आं, आं" करू लागले. डावा हात कसाबसा वर आला आणि एक बोट त्यांनी स्वतःच्या डोळ्याखाली टेकवलं. त्या माणसाने वाकून घोडीच्या डोळ्याखाली अंगठा घासला, काळा झालेला अंगठा भावाला दाखवला आणि निघून गेला.

"आते काय करू मी हिनं?" भाऊ ओरडला. आबा रडत होते. लबाडी सोसली नाही म्हणून, की घोडी सोडवेना म्हणून, ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला विचारवत नव्हतं.

माय उठली. आबांसाठी भरलेल्या पेल्यात तिने पदर बुडवला आणि घोडीच्या डोळ्याखालचा रंग पुसू लागली. घोडी मान खाली घालून उभी राहिली.

"आतेपाईन तिले मी फिरावसू," ती भावाला म्हणाली. "जाय, ट्रॉली आन."

मायचे गुडघे गेलेत. घरातून ओट्यापर्यंत यायचं तरी तिला भिंत धरावी लागते. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. तरी भाऊ ट्रॉली आणायला गेला.