फाटकावरची एतेलीना

आमच्या बाजाराच्या फाटकाला दार नव्हतं. दार म्हणजे एतेलीना चिंकोम्बे. माझं शिवणयंत्र बाजूच्या ओसरीवर, त्यामुळे सोळा वर्षं मी तिची पाठ पाहिली. मलावीत तेव्हा एकच पक्ष होता. त्याचं कार्ड नसेल तर बसमध्ये चढता येत नसे, बाजारात टोमॅटो विकता येत नसत. एतेलीना पक्षाच्या महिला मंडळाची प्रमुख. अंगावर राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्याचं कापड, मीच शिवलेलं. सगळे तिला आमायी, म्हणजे आई, म्हणत. ती ओरडायची नाही. नुसता हात पुढे करायची.

मागिरेती एकदा आठव्या महिन्यात आली, डोक्यावर रताळ्यांची पाटी. तिनं कार्ड दाखवलं. एतेलीनाचा हात तसाच पुढे राहिला.

"आणि पोटातल्याचं?"

"आमायी, त्याला अजून नावही नाही."

"नाव मागाहून लिहू. आत दोघं जाणार ना?"

मागिरेतीनं दुसरं कार्ड विकत घेतलं. मूल नऊ दिवस जगलं. कार्डाची मुदत वर्षाची होती.

पुढे मतदान झालं, अनेक पक्ष आले, जुनं सरकार गेलं. एतेलीनाला कुणी मारलं नाही. फक्त तिच्याकडून कुणी काही घेईना. नवरा वारलेला, तळ्यावरची सुकी उसिपा मासळी विकून ती जगू पाहत होती. ती बसली की शेजारच्या बायका पाट्या सरकवत. पहिल्या दिवशी तर ती रिकाम्या फाटकाशी थबकली आणि तिनं चोळीतून जुनं कार्ड काढून समोर धरलं. समोर कुणीच नव्हतं.

"दाखव, दाखव," मागून एक म्हातारी म्हणाली. "तुझंच भूत उभं आहे तिथं." बायका खूप हसल्या.

काही महिन्यांनी नव्या पक्षाचा शाखाप्रमुख गोंडवे तिच्याकडे आला. "आमायी, तुम्हाला कामाची सवय आहे. आमच्या पक्षाचं पिवळं कापड देतो. फाटकावर उभ्या राहा."

"कार्डं बघायची?"

"सक्ती नाही हो. लोकशाही आहे. कार्ड असेल त्याला सावलीतला ओटा, एवढंच."

तो गेल्यावर मी म्हटलं, "घे की. लोक पुन्हा बोलायला लागतील."

"घाबरून बोलतील," ती म्हणाली. तिनं नकार कळवला.

पुढच्या सोमवारी फाटकावर मागिरेती उभी होती. पिवळं कापड मीच शिवलं होतं. एतेलीना मासळीची पाटी घेऊन आली तेव्हा मागिरेतीनं हात पुढे केला.

"कार्ड?"

"नाही."

"मग मागे, उन्हात."

एतेलीना मागेही गेली नाही. फाटकाबाहेर, माझ्या ओसरीसमोर धुळीतच तिनं पाटी ठेवली. दुपारपर्यंत एक मूठ मासळी खपली नाही. बाजार पांगल्यावर मागिरेती आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. मासळीला हात लावला नाही.

"एक विचारू, आमायी? त्या दिवसांत तुम्हाला रात्री झोप लागायची?"

एतेलीनानं पाटीवरच्या माशा हाकलल्या.

"लागायची," ती म्हणाली. "छान लागायची."

मागिरेती अंगावरच्या पिवळ्या कापडाकडे बघत बसून राहिली.