शारजाच्या वाटेवरची धूळ

त्या दिवसांत माझी नमाज म्हणजे नुसती उठबस झाली होती. आखातातल्या रास अल खैमाच्या धावपट्टीवर मी कारकून होतो. शारजाहून येणाऱ्या छोट्या विमानांची नोंद ठेवायची, एवढंच काम. अंतर पंचेचाळीसेक मैल, वेळ वीस-पंचवीस मिनिटं, हे मला तोंडपाठ. रत्नागिरीहून हमीदाला पहिल्या बाळंतपणाआधी इकडे आणलं, तेव्हा तिच्या अम्मीला मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "शारजाचा दवाखाना म्हणजे विमानानं पंचवीस मिनिटं. काळजी कसली?"

दिवस भरायला महिना होता आणि एका सकाळी हमीदाच्या पोटात कळा सुरू झाल्या. बाहेर धुळीचं वादळ. वायरलेसवर शारजानं कळवलं, समोरचं काही दिसत नाही, विमान उठणार नाही. रस्ता तेव्हा नव्हताच. किनाऱ्याकिनाऱ्यानं वाळूतून जीप जायची, पाच-सहा तास लागायचे. बलुची ड्रायव्हर करीमभाई म्हणाला, "चलो साहब, अल्ला मालिक है." मी मात्र मनात मैलच मोजत होतो.

निम्म्या वाटेत वरून टणक, आतून चिखल अशा खारट जमिनीत चाकं रुतली. आम्ही खूप जोर लावला, पण गाडी हलेना. हमीदानं माझा हात घट्ट धरला. "अहो, गाडी राहूदे. माझ्याजवळ बसा." मी बसलो. दुआचे शब्दही आठवेनात. एवढंच म्हणालो, या अल्ला, मला काही कळत नाही, आता तूच बघ.

करीमभाई मदत शोधायला गेला होता. धुळीतून तो परतला तो वाळवंटात भटकणाऱ्या बदू लोकांतल्या एका म्हाताऱ्या बाईला घेऊन. चेहऱ्यावर बुरखा, हात राकट. तिनं हमीदाच्या पोटावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "यल्ला, चल, तू बाहेर." जवळच तिची झावळ्यांची झोपडी होती, हमीदाला आम्ही तिकडे नेलं. तिथे दुपारी माझी मुलगी जन्मली. आधी रडलीच नाही. बाईनं तिला उलटी धरून पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, तेव्हा बारीकसा आवाज आला.

बाळंतपणाचे चाळीस दिवस झाल्यावर हमीदाचा हट्ट, की बाळाला त्या बदू दादीकडे न्यायचंच. तिचा कबिला आता खजुरीच्या बागांत होता, करीमभाईनं आम्हाला तिथे नेलं. हमीदानं तिच्यासाठी स्वतःच्या हातानं ओढणी शिवली होती. दादी ओढणी अंगावर घेऊन हसली. बोलता बोलता मला अरबीत म्हणाली, त्या सकाळीच कबिला इकडे बागांकडे निघणार होता. उंट लादून तयार होते, पण धुळीमुळे थांबले.

विमान अडवलं म्हणून त्याच धुळीला मी दिवसभर शिव्या दिल्या होत्या.

हमीदा आणि दादी, एकीला दुसरीची भाषा येत नसताना, बाळाच्या नाकावरून वाद घालत बसल्या होत्या. मी बाहेर वाळूवर नमाज पढलो. शेवटी दुआसाठी हात पसरले, तर मागावं असं काही उरलंच नव्हतं. हात तसेच ठेवून मी कितीतरी वेळ बसून राहिलो.