खडूने आकडे घातलेले चहाचे दुकान

एका अख्ख्या दुकानाच्या त्रेसष्ट लाकडांवर मी खडूने आकडे घातले आणि पंधरा दिवसांनी, समोर उभा राहून, त्याच लाकडांना काळे तेल फासून घेतले.

गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. पेडण्यात ज्याला त्याला काहीतरी राखावेसे वाटत होते. कुणाला भाषा, कुणाला जमीन, आम्हा काही रिकामटेकड्यांना इमारती. तालुक्यातल्या पडायला आलेल्या जुन्या वास्तू भाग भाग सोडवून आणायच्या आणि बाजारामागच्या माळावर पुन्हा उभ्या करायच्या, असे ठरले. नावही ठरले, वारसा उद्यान. मी शाळामास्तर, अक्षर बरे, म्हणून समितीचा चिटणीस झालो.

पहिल्या नऊ सभा नामफलकावर गेल्या. तो मराठीत हवा की कोकणीत? मराठीवाले मराठीची बाजू तावातावाने कोकणीतून मांडत, कोकणीवाले ती कोकणीतूनच खोडून काढत, आणि या सगळ्याचे इतिवृत्त मी मराठीत लिहीत असे. दहाव्या सभेत कुणाच्या तरी लक्षात आले, की उद्यानात ठेवायला अजून काहीच नाही.

तेवढ्यात धारगळला हमरस्ता रुंद करायचे निघाले. तिथे रस्त्याला लागून एका म्हातारीचे चहाचे दुकान होते. सगळे तिला काकी म्हणत. दुकान तिच्या सासऱ्याने बांधलेले, सगळे फणसाच्या लाकडाचे, भिंतीसुद्धा फळ्यांच्या. पहिल्या बसची माणसे तिथे चहात उंडा, म्हणजे गोल पाव, बुडवून खात आणि मग म्हापशाला जात. मी गेलो आणि मोठ्या थाटात म्हणालो, "काकी, तुमचे दुकान म्हणजे इतिहास आहे."

"इतिहास जांव, कितेंय जांव," काकी म्हणाली. "परत उबें जातलें न्ही? ना जाल्यार म्हाका म्हापशाक जांवयाच्या दारांत बसचें पडटलें."

"तुम्ही ह्याच दुकानात बसून चहा विकाल. माझा शब्द आहे."

शब्द द्यायला मला कधीच वेळ लागत नाही.

सुताराला आम्ही मेस्त म्हणायचो. लाकडे उतरवण्याआधी त्याने विचारले, "मास्तर, सांध्यांर पटाशीन खुणा मारूं?"

"वारशाच्या लाकडाला पटाशी लावायची?" मी दुखावल्या स्वरात म्हणालो. माझ्या खिशात शाळेतला खडू होता. प्रत्येक खांबावर, वाशावर, फळीवर मी वळणदार आकडा काढला, आणि कुठला आकडा कुठे बसतो त्याचा नकाशा वहीत. नकाशा फार सुरेख झाला. इतका, की मी तो घरी बायकोलाही दाखवला. तिने विचारले, "भाजी आणली?"

लाकडे देवळाच्या अग्रशाळेत, यात्रेकरूंच्या उतरायच्या जागेत, ठेवली. दुकानाच्या जागी आठवड्याभरात रस्ता झाला. परतीची वाट बुजली म्हणतात ती अशी.

मग एका लाकडाखाली वाळवीची माती दिसली आणि माझ्यातला चिटणीस खडबडून जागा झाला. काजूच्या टरफलांचे तेल फासले की लाकडाला वाळवी शिवत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्याने लाकूड तव्याच्या बुडासारखे काळे होते, हेही सगळ्यांना ठाऊक. मी डिचोलीहून डबा आणला. मेस्तने कुंचला बुडवला आणि थांबला.

"हांगा आंकडे आसात न्ही, मास्तर?"

"आहेत की. वहीत आहेत."

मेस्त कामाला लागला. उत्साहाच्या भरात शेवटच्या वाशाला मीही हात लावला. ते तेल कातडी जाळते. बोटांना फोड आले.

उभारणीच्या दिवशी मी माळावर वही उघडून खणखणीत आवाजात वाचले, "खांब क्रमांक एक." मेस्तने ढिगाकडे पाहिले. त्रेसष्ट काळी लाकडे. मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन दिवस आम्ही झटलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेस्त म्हणाला, की आपण उंबरठा म्हणून बसवलेय ते छपराचे आहे.

समितीची तातडीची सभा झाली. दुकान उभे राहत नसेल तर ढीगच 'अवशेष' म्हणून मांडावा, असे अध्यक्षांनी सुचवले. सूचना सर्वांना पसंत पडली. मग त्या ढिगावरची पाटी कुठल्या भाषेत, यावर सभा पुढे चालली.

काकीला हे कळले. दुसऱ्या दिवशी ती बसने आली. ढिगापाशी उकिडवी बसली आणि एका खांबावरून तळहात फिरवू लागली.

"हो दाराकडचो. बसची वाट पळयतना लोक हाका फाट घांसताले." खांब तिथे पाठी घासून खरोखरच गुळगुळीत झाला होता. मग एक वासा. "हाचेर केळ्यांचो घड टांगतालें. पळय, दोरयेचो घट्टो." मग एक फळी, कपबशा आपटून पोचे पडलेली.

ती सांगत गेली, मेस्त लाकडे लावत गेला. मी शेजारी वही घेऊन उभा राहिलो आणि लाकूड बसले की गंभीरपणे बरोबरची खूण करू लागलो. मला कुणी तसे सांगितले नव्हते.

चार दिवसांत दुकान उभे राहिले. एक फळी उरली. ती मी गुपचूप घरी नेली. तिच्यावर आता आमची लोणच्याची बरणी असते.

उद्घाटनाला अख्खा बाजार जमला. नामफलक पांढरा रंगवून कोराच लावला होता, कारण निर्णय व्हायचा होता. अध्यक्ष म्हणाले, चिटणिसांनी शास्त्रशुद्ध आकडे घातले म्हणूनच ही वास्तू आज जशीच्या तशी उभी आहे. टाळ्या झाल्या. मी उठलो आणि मान लववून नमस्कारही केला.

काकी चुलीपुढून उठली. तिने चहाचा पेला माझ्यासमोर ठेवला, माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "मास्तर, जल्मभर फळ्यार खडून लिवन तुमीच तें पुसत आयल्यात. खडू पुसता, हें आजून कळूंक ना तुमकां?"