वेगळी राहते

नोकरी नवीन असताना मी महिलांच्या एका योजनेचा ऑनलाइन अर्ज बनवला होता. यादीतल्या प्रत्येक पर्यायाला कोडमध्ये एक पक्कं इंग्रजी नाव असे आणि त्यापुढे लोकांना दिसणारं मराठी लेबल. ती लेबलं मी शब्दकोश बघून लिहिली होती.

अर्ज कसा चालतो ते बघायला नाशिकच्या एका सेवा केंद्रात दुपारभर बसलो. लोकांचे अर्ज भरून देणाऱ्या मॅडमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. चष्मा कपाळावर सरकवून समोरच्याशी हळू बोलण्याची त्यांची लकब मात्र अजून आठवते.

वणीहून आलेल्या एका बाईला त्यांनी विचारलं, "ताई, मिस्टरांपासून वेगळ्या राहता का?"

"हो, येगळीच राहते मी."

मॅडमनी यादीतलं 'परित्यक्ता' निवडलं.

ती गेल्यावर मी म्हणालो, "लिहिलंय तेच का नाही वाचत?"

"एकदा एकीला वाचून दाखवलं होतं. ती अर्ज न भरताच उठून गेली."

त्याच संध्याकाळी कोडमधलं नाव तसंच ठेवून मी लेबल बदललं: 'वेगळी राहते'.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. मॅडम स्क्रीनवरची यादी जशीच्या तशी, मोठ्याने वाचून दाखवत होत्या. मी दारातूनच परतलो.