अर्बाबच्या फळीची बॅटरी

आमच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, समुद्रावर उडायचं होतं. इथे आखातात, रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत, त्याचं शीतगृह आहे. तिथल्या फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांत पाणी भरणं आणि त्या चार्जिंगला लावणं हे माझं काम. एवढ्या अफाट विद्वत्तेवर त्याने मला आपल्या नव्या खेळण्याचा तज्ज्ञ नेमलं. खेळणं म्हणजे सर्फबोर्डसारखी फळी. तिच्याखाली लांब दांडा, दांड्याला मोटर आणि पंख. वेग घेतला की फळी पाण्यावर उचलली जाते आणि माणूस हवेत तरंगतो. ही फळी त्याने जुनी विकत घेतली होती. तिच्यात सगळं उत्तम होतं, फक्त बॅटरी मेलेली होती. आणि नवी बॅटरी विमानाने पाठवायला कोणी तयार नव्हतं, कारण लिथियम पेट घेतं.

"तुम बॅटरीवाला है. तुम बनाओ," अर्बाब म्हणाला.

"सर, वो अलग बॅटरी है."

"बॅटरी बॅटरी है. यल्ला!" म्हणजे चल, लाग कामाला.

मी 'इन्शाल्ला' म्हणालो. या शब्दाने इथे बरीच कामं टळतात. हे टळलं नाही. दोन आठवड्यांत अर्बाबने कुठूनसे बॅटरीचे सुटे सेल मिळवले आणि त्यांची खोकी माबेला भागातल्या माझ्या घरी आणून टाकली. पेट घेणारी वस्तू शीतगृहात नको, एवढी अक्कल त्याला होती. माझ्या घराबद्दल त्याला अशी काही काळजी वाटली नाही.

मी जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला. बायकोने शेजारी वाळूची बादली आणून ठेवली. माझ्यावरचा विश्वास व्यक्त करण्याची तिची ही पद्धत. एकशे बारा सेल मी एकेक करून मीटरवर तपासून पाहिले. आठ-आठांचे चौदा गट केले, निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडल्या, सगळ्यांवर नजर ठेवणारं सर्किट बसवलं. भीती वाटत होती, पण अर्बाबचा फोन रोज यायचा: "खलास?", म्हणजे झालं का? त्यामुळे घाबरायलाही फुरसत नव्हती.

शेवटी तयार झालेला बॅटरी पॅक फळीत बसणाऱ्या बंद डब्यात ठेवायचा, एवढंच उरलं.

"आधी रिकामा डबा पाण्यात बुडवून बघ," बायको म्हणाली.

"नवीन डबा आहे. वॉटरप्रूफ लिहिलंय त्याच्यावर."

"लिहिलंय ना? मग बुडवायला काय हरकत आहे?"

तिने डब्यात कोरडे टिश्यू पेपर भरले, झाकण लावलं आणि टबात बुडवून वर पाट्याचा दगड ठेवला. तासाभराने उघडलं तर टिश्यूंचा लगदा. जिथून केबल बाहेर येते तिथून पाणी शिरत होतं. पॅक आत असता तर शॉर्ट होऊन फळीसकट पेटला असता. केबलचं सील बदललं, पुन्हा बुडवलं, तेव्हा कागद कोरडे निघाले.

शुक्रवारी सकाळी मी आणि बायको किनाऱ्यावर गेलो. अर्बाब पोहण्याच्या कपड्यांत तयार होता. त्याने फळी पाण्यात सोडली, माझ्याकडे पाहिलं आणि औदार्याने म्हणाला, "तुम बनाया, पहले तुम."

"सर, मुझे तैरना नहीं आता."

"तुम कोकण का है ना?"

कोकणात डोंगरही आहेत, हे त्याला हिंदीत समजावणं मला जमलं नाही. लाइफ जॅकेट घालून मी फळीवर पालथा पडलो आणि हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. फळी सुटली. मग अचानक उचलली गेली आणि लाटांचा आवाज थांबला. खाली हिरवं पाणी, मध्ये मोकळी हवा. मी खूश होऊन कडेवरून खाली डोकावलो आणि धपकन पडलो. अर्बाब पोट धरून हसला.

बॅटरी सुरक्षित आहे याची माझ्या जिवावर खात्री पटल्यावर तो निघाला. अर्धा तास तो पडत राहिला. परत आला तेव्हा मी डब्याला हात लावला. जेमतेम कोमट होता.

"मी जाऊ का एकदा?" बायकोने विचारलं.

ती देवगडची, समुद्रातच वाढलेली. कुडत्यावर जॅकेट चढवून ती फळीवर गुडघ्यांवर बसली, मग उभी राहिली. फळी उचलली गेली आणि ती सरळ रेषेत लांब गेली, वळली, परत आली. एकदाही पडली नाही.

अर्बाबने पुढे होऊन फळी वाळूवर ओढून घेतली. मग मला म्हणाला, "मॅडम को बोलो, मुझे सिखाएगी?"

"पुढच्या शुक्रवारी सकाळी," बायको कुडत्याचा घेर पिळत म्हणाली. "आणि सांग त्याला, वेळेवर ये म्हणावं."